मोटारसायकल शर्यतीतील नवोदिताच्या कामगिरीचे मूल्यमापन : सातपूरच्या औद्योगिक परिसराच्या संदर्भात एक विवेचन

गोषवारा

मोटारसायकल शर्यतीत प्रथमच उतरलेल्या स्पर्धकाची कामगिरी सर्वसाधारणपणे त्याला मिळालेल्या क्रमांकावरून ठरविली जाते. परंतु क्रमांक हा स्पर्धक, यंत्र, टायर, मार्ग, हवामान आणि प्रतिस्पर्धी या सर्वांचा एकत्रित परिणाम असतो. त्यातून नवोदिताचे स्वतःचे कौशल्य वेगळे काढावयाचे असेल तर सारख्या यंत्रावरील तुलना, फेरीवेळांतील सातत्य, सुधारणेची गती आणि वेगावरील नियंत्रण या चार कसोट्या लावणे आवश्यक ठरते. प्रस्तुत लेखात या कसोट्यांचे उदाहरणांसह विवेचन केले असून, महाविद्यालयीन शिक्षकांना त्यांचा उपयोग कसा करता येईल हेही स्पष्ट केले आहे.

बीजशब्द : मोटारसायकल शर्यत, नवोदित स्पर्धक, फेरीवेळ, सातत्य, रॅली, मूल्यमापन, सातपूर

प्रस्तावना

नाशिक शहराच्या पश्चिमेस, त्र्यंबकेश्वरकडे जाणाऱ्या रस्त्यालगत सातपूरची औद्योगिक वसाहत पसरली आहे. मोटारी, टायर, इंजिनाचे सुटे भाग आणि त्यांना पूरक असे असंख्य लहान व्यवसाय येथे एकत्र आले आहेत. महिंद्रचा मोटारींचा कारखाना, सीएटचा टायरचा कारखाना, पूर्वी मायको या नावाने ओळखला जाणारा बॉशचा कारखाना आणि शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था ही या परिसराची ठळक ओळख होय. पाळी सुटण्याच्या वेळी कारखान्यांच्या फाटकांतून बाहेर पडणारी दुचाकींची रांग हे येथील नित्याचे दृश्य आहे. अशा परिसरात वाढणाऱ्या तरुणाला इंजिनाची ओळख पुस्तकातून नव्हे, तर घरातून आणि गल्लीतल्या गॅरेजमधून होते. त्यामुळे त्याच्या मनात मोटारसायकल शर्यतीचे आकर्षण निर्माण होणे स्वाभाविक आहे.

नाशिकला मोटारक्रीडेची परंपराही आहे. ‘रॅली ऑफ महाराष्ट्र’ ही राष्ट्रीय मालिकेतील मोटारींची रॅली नाशिकच्या परिसरात झाली आहे. दुचाकींच्या राष्ट्रीय रॅली आणि सुपरक्रॉस मालिकांच्या फेऱ्याही येथे भरल्या आहेत. मात्र शहरात डांबरी शर्यतमार्ग नाही. त्यासाठी चेन्नईजवळील इरुंगट्टुकोट्टई, कोइमतूर किंवा ग्रेटर नोएडा गाठावे लागते. परिणामी येथील नवोदिताचा पहिला परिचय बहुधा मातीच्या मार्गाशी होतो, आणि डांबरी मार्गावरील पहिली शर्यत तो घरापासून शेकडो किलोमीटर दूर, अनोळखी मार्गावर, पुष्कळदा उसन्या किंवा भाड्याच्या यंत्रावर धावतो.

असा एखादा विद्यार्थी ‘अकरावा क्रमांक’ असे लिहिलेले निकालपत्रक घेऊन महाविद्यालयाच्या क्रीडा विभागात येतो, तेव्हा त्या अकराव्या क्रमांकाचा अर्थ काय लावावा, हा प्रश्न निर्माण होतो. कबड्डी, खो-खो किंवा मैदानी स्पर्धांचे निकाल वाचण्याची शिक्षकांना सवय असते. मोटारसायकल शर्यतीचा निकाल मात्र अपरिचित असतो. अशा वेळी दोन प्रकारच्या चुका संभवतात. एक, क्रमांक खालचा म्हणून गुणवत्ता असलेल्या विद्यार्थ्याला परावृत्त करणे. दुसरी, क्रमांक वरचा म्हणून अपरिपक्व विद्यार्थ्याला अधिक वेगवान यंत्राकडे ढकलणे. पहिल्या चुकीची किंमत एका संधीची असते. दुसऱ्या चुकीची किंमत जिवाची असू शकते. म्हणूनच या मूल्यमापनाचा पद्धतशीर विचार होणे गरजेचे आहे.

उद्दिष्टे

१. शर्यतीतील क्रमांकाच्या मर्यादा स्पष्ट करणे.
२. नवोदिताच्या कामगिरीचे मूल्यमापन करण्याच्या कसोट्या उदाहरणांसह मांडणे.
३. जागतिक आणि भारतीय स्पर्धकांच्या पहिल्या हंगामांच्या आधारे या कसोट्यांची उपयुक्तता व मर्यादा तपासणे.
४. शिक्षक व पालक यांना उपयोगी पडेल अशी मूल्यमापनाची चौकट सुचविणे.

क्रमांकाचा अर्थ आणि मर्यादा

नाशिक जिल्ह्यातील धावपटू कविता राऊत यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत १०,००० मीटर शर्यतीत कांस्यपदक मिळविले. त्या शर्यतीतील वेळ ही त्यांच्या स्वतःच्या शरीराने मिळविलेली वेळ होती. मोटारसायकल शर्यतीत घड्याळ जी वेळ दाखविते ती केवळ माणसाची नसते. ती माणूस, इंजिन, टायर, सस्पेन्शन आणि ते जुळवून देणारा मेकॅनिक या सर्वांची संयुक्त वेळ असते. या दोन क्रीडाप्रकारांतील हा मूलभूत फरक लक्षात घेतला नाही तर पुढील सर्व विवेचन निरर्थक ठरते.

क्रमांकाच्या मर्यादा तीन प्रकारच्या आहेत. पहिली मर्यादा स्पर्धकसंख्येची. बारा स्पर्धकांतील अकरावा आणि तीस स्पर्धकांतील अकरावा यांत मोठे अंतर आहे. दुसरी मर्यादा माघारीची. पुढे असलेले चार स्पर्धक पडले किंवा त्यांची यंत्रे बंद पडली, तर मागचा स्पर्धक काहीही विशेष न करता चार स्थाने वर सरकतो. तिसरी मर्यादा अंतराची. क्रमांक हा केवळ क्रम सांगतो, अंतर सांगत नाही. पाचवा स्पर्धक विजेत्यापेक्षा तीन सेकंदांनी मागे असू शकतो किंवा एक मिनिटानेही. संख्याशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे तर क्रमांक हे क्रमदर्शक माप आहे. त्यावरून गुणवत्तेचे प्रमाण काढता येत नाही.

म्हणून पहिली सूचना अशी की, निकालपत्रकातील क्रमांकाआधी त्यातील वेळेचा स्तंभ वाचावा. त्या गटातील सर्वांत वेगवान फेरीवेळेच्या तुलनेत नवोदिताची वेळ किती टक्के आहे, हे काढणे अधिक उपयुक्त ठरते. मोठ्या मालिकांमध्ये शर्यतीस पात्र ठरण्यासाठीसुद्धा सर्वांत वेगवान वेळेच्या ठराविक टक्केवारीच्या आत वेळ देण्याची अट असते, ती याच कारणासाठी.

सारख्या यंत्राची अट

टक्केवारी काढतानाही तुलना कोणाशी करावयाची, हा प्रश्न राहतो. नवोदिताची तुलना सर्वांत समर्पक अशा व्यक्तीशी व्हावी, म्हणजेच त्याच प्रकारच्या यंत्रावर, त्याच दिवशी, त्याच मार्गावर धावणाऱ्या अनुभवी स्पर्धकाशी. मोठ्या संघांमध्ये नवोदिताची पहिली तुलना संघातील सहकाऱ्याशी केली जाते, कारण दोघांना जवळपास सारखे यंत्र मिळालेले असते. भारतात टीव्हीएस आणि होंडा यांसारख्या कंपन्यांनी चालविलेल्या एकाच प्रकारच्या यंत्रांच्या शर्यती या दृष्टीने नवोदितांना विशेष उपकारक ठरल्या आहेत. तेथे यंत्राचा फरक बराचसा गळून पडतो आणि माणसाचा फरक उरतो.

तो फरकही पूर्णतः कौशल्याचा नसतो. लहान इंजिनाच्या मोटारसायकलवर स्पर्धकाच्या वजनाचा परिणाम मोठा असतो. ४५ किलो वजनाचा मुलगा आणि ७५ किलो वजनाचा तरुण एकाच यंत्रावर धावले, तर सरळ रस्त्यावर हलक्या स्पर्धकाला लाभ मिळतो. जागतिक मोटो-३ गटात यंत्र आणि स्पर्धक यांचे एकत्रित किमान वजन १५२ किलो ठरविलेले आहे, त्यामागे हेच तत्त्व आहे. जेथे असा नियम नाही, तेथे वजनदार नवोदिताची वेळ वाचताना वळणांवरील आणि सरळ भागावरील वेळ शक्य तितकी वेगळी पाहावी.

टायरचा मुद्दाही दुर्लक्षिण्यासारखा नाही. धावत्या मोटारसायकलचा जमिनीशी संबंध दोन टायरांच्या जेमतेम तळहाताएवढ्या भागांतून येतो. नवे टायर, जुने टायर, तापलेले टायर आणि थंड टायर यांवर वेळ बदलते. टायरनिर्मितीचे केंद्र असलेल्या सातपूरमध्ये ही बाब वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. परंतु निकाल वाचताना नेमका तिचाच विसर पडतो. स्वखर्चाने आलेला स्पर्धक एकच टायरजोडी सराव, पात्रता आणि शर्यत अशा तिन्ही सत्रांत वापरत असेल आणि प्रतिस्पर्ध्यांकडे प्रत्येक सत्रासाठी नवी जोडी असेल, तर त्या दोघांच्या वेळांची थेट तुलना न्याय्य ठरत नाही.

फेरीवेळांचे वाचन : वेग आणि सातत्य

डांबरी मार्गावरील शर्यतीत प्रत्येक यंत्रावर बसविलेल्या लहान प्रक्षेपकामुळे प्रत्येक फेरीची वेळ स्वतंत्रपणे नोंदली जाते. शर्यतीनंतर ही यादी स्पर्धकाला मिळते. नवोदिताच्या मूल्यमापनाचे सर्वांत विश्वसनीय साधन हीच यादी होय.

पुढील उदाहरण काल्पनिक आहे, परंतु त्यातील आकृतिबंध शर्यतींत वारंवार आढळतो. दोन नवोदित सारख्या यंत्रांवर सहा फेऱ्या धावले. पहिल्याच्या फेरीवेळा सेकंदांत अशा : ११८.२, १२१.९, ११९.०, १२३.४, ११९.६, १२२.७. दुसऱ्याच्या अशा : १२१.३, १२०.९, १२०.६, १२०.५, १२०.२, १२०.१. सर्वांत वेगवान फेरी पहिल्याची आहे, आणि तीही दुसऱ्याच्या सर्वोत्तम फेरीपेक्षा १.९ सेकंदांनी वेगवान. प्रेक्षकांच्या चर्चेत अर्थातच पहिल्याचे नाव येईल. परंतु एकूण वेळ पाहिली तर पहिल्याला ७२४.८ सेकंद लागले आणि दुसऱ्याला ७२३.६. म्हणजे दुसरा १.२ सेकंदांनी पुढे राहिला.

यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट फेरीवेळांच्या विखुरण्यात आहे. पहिल्याचे प्रमाण विचलन १.९६ सेकंद येते आणि दुसऱ्याचे ०.४१ सेकंद. पहिला एका फेरीत आपल्या क्षमतेपलीकडे जातो, कुठेतरी चुकतो, पुढच्या फेरीत सावरतो आणि पुन्हा तेच करतो. दुसऱ्याची प्रत्येक फेरी आधीच्या फेरीपेक्षा थोडी वेगवान आहे. तो मार्ग शिकत आहे आणि शिकलेले हातचे जाऊ देत नाही.

सातपूरच्या कारखान्यांत काम करणाऱ्या कोणालाही हे तत्त्व परिचित असते. इंजिनाच्या इंधन-फवारणीचे सुटे भाग बनविताना एखादाच नग अचूक निघाला म्हणून यंत्र चांगले ठरत नाही. शंभर नगांची मापे ठरविलेल्या मर्यादेत किती जवळजवळ येतात, हे पाहिले जाते. सरासरी आणि विखुरणे ही दोन्ही मापे एकत्र वाचली जातात. नवोदिताच्या फेरीवेळांनाही हीच शिस्त लावली पाहिजे.

तथापि या उदाहरणावरून पहिला स्पर्धक निकृष्ट ठरत नाही. ११८.२ सेकंदांची फेरी त्याने एकदा का होईना दिली आहे. त्याच्यात वेग आहे, सातत्य नाही. दुसऱ्यात सातत्य आहे, वेग अद्याप सिद्ध व्हावयाचा आहे. दोघांना द्यावयाचा सल्ला भिन्न असेल. पहिल्याला एका सत्रात १२० सेकंदांच्या आसपास सलग फेऱ्या देण्याचे लक्ष्य द्यावे. दुसऱ्याला एखाद्या वळणावर ब्रेक थोडा उशिरा लावून पाहण्यास सांगावे. मूल्यमापनाचे प्रयोजन निवाडा देणे एवढेच नसून पुढची पायरी दाखविणे हे आहे.

फेरीवेळा वाचताना तीन दक्षता घ्याव्यात. पिवळा झेंडा असताना झालेल्या संथ फेऱ्या हिशोबातून वगळाव्यात, कारण तेथे वेग कमी करणे हेच योग्य वर्तन असते. पहिली फेरी वेगळी धरावी, कारण ती उभ्या अवस्थेतून सुरू होते. तसेच सर्वोत्तम फेरी एकट्याने दिली की वेगवान स्पर्धकाच्या पाठोपाठ राहून दिली, हे पाहावे. पुढे धावणाऱ्याच्या मागे हवेचा विरोध कमी होतो आणि त्याच्या ब्रेक लावण्याच्या जागाही आयत्या दिसतात. अशी वेळ खरी असली तरी ती अंशतः उसनी असते.

रॅली आणि सुपरक्रॉस

नाशिकच्या नवोदिताच्या दृष्टीने रॅलीचा विचार अधिक निकटचा आहे. रॅलीत स्पर्धक एकामागून एक ठराविक अंतराने सुटतात आणि प्रत्येकाची वेळ स्वतंत्रपणे मोजली जाते. दुचाकी रॅलीत मोटारींप्रमाणे शेजारी बसून वळणांची टिपणे वाचून दाखविणारा सहचालक नसतो. रस्ता स्वतःच वाचावा लागतो. त्यामुळे नवखेपणाचा परिणाम येथे अधिक जाणवतो. दुसरीकडे, एकच टप्पा अनेकदा दोनदा धावावयाचा असल्याने शिकण्याची गती मोजण्याची उत्तम संधीही येथेच मिळते.

पुन्हा एक काल्पनिक उदाहरण घेऊ. १२ किलोमीटरचा टप्पा आहे. अनुभवी विजेत्याला पहिल्या वेळी ५४० सेकंद आणि दुसऱ्या वेळी ५३० सेकंद लागले. नवोदिताला अनुक्रमे ६१२ आणि ५८२ सेकंद लागले. नवोदित ३० सेकंदांनी सुधारला असे वरवर दिसते. परंतु विजेताही १० सेकंदांनी सुधारला आहे. रस्त्यावरची सुटी खडी बाजूला सरकली असेल किंवा ओल कमी झाली असेल. तो लाभ दोघांनाही सारखा मिळाला असे मानले, तर उरलेले २० सेकंद ही नवोदिताची स्वतःची कमाई ठरते. किलोमीटरमागे तो प्रथम ६ सेकंदांनी मागे होता, नंतर सुमारे ४.३ सेकंदांनी. विजेत्याच्या वेळेच्या प्रमाणात पाहिल्यास ११३.३ टक्क्यांवरून तो १०९.८ टक्क्यांवर आला. क्रमांक दोन्ही वेळा तोच राहिला असेल, तरीही एका दिवसात एवढे शिकणारा नवोदित लक्ष देण्याजोगा आहे. रॅलीतील कामगिरी किलोमीटरमागे सेकंद या एककात मांडली की निरनिराळ्या लांबीच्या टप्प्यांची तुलनाही शक्य होते.

सुपरक्रॉसचे स्वरूप याहून वेगळे आहे. मातीचे उंचवटे आणि उड्या असलेल्या आखूड मार्गावर सर्व स्पर्धक एकाच वेळी फळी पडताच सुटतात. २०२४ मध्ये सीएटच्या प्रायोजकत्वाखाली सुरू झालेल्या इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी पुण्यात झाली, आणि महाराष्ट्रातील प्रेक्षकांना हा प्रकार मोठ्या प्रमाणावर पाहावयास मिळाला. येथे पहिल्या वळणावरील स्थानाचा निकालावर फार प्रभाव पडतो. म्हणून नवोदिताचे पहिल्या फेरीअखेरचे स्थान आणि अंतिम स्थान या दोहोंची नोंद ठेवावी. सोळावा सुटून दहावा आलेला स्पर्धक मार्गावर इतरांना मागे टाकण्याचे कौशल्य दाखवितो. चौथा सुटून दहावा आलेला स्पर्धक सुरुवात चांगली करतो, परंतु त्याची शारीरिक तयारी कमी पडत असावी. निकालपत्रकात मात्र दोघेही ‘दहावे’च असतात.

पडण्याचा अर्थ

नवोदित पडतो, हे गृहीत धरावे लागते. प्रश्न असतो तो का आणि कसा पडतो, याचा. इतरांच्या चुकीमुळे झालेली टक्कर, यंत्रातील बिघाड, आणि स्वतःच्या मर्यादेपलीकडे गेल्यामुळे झालेले पतन या तीन बाबी वेगळ्या आहेत. तिसऱ्या प्रकारातही, तीच चूक त्याच वळणावर पुन्हा होते की प्रत्येक वेळी नवी असते, हे पाहावे.

याबाबत ऑस्ट्रेलियाचे केसी स्टोनर यांचे उदाहरण उद्बोधक आहे. २००६ मध्ये मोटोजीपी या सर्वोच्च गटातील पहिल्या हंगामात त्यांनी दुसऱ्याच शर्यतीत पात्रता फेरीत पहिले स्थान मिळविले. परंतु त्या हंगामात ते इतक्या वेळा पडले की त्यांच्या पडण्यावरून विनोद होऊ लागले. हंगामाच्या अखेरीस ते आठवे होते. पुढच्याच वर्षी, २००७ मध्ये, वेगळ्या संघाकडून वेगळ्या यंत्रावर त्यांनी दहा शर्यती जिंकून जगज्जेतेपद मिळविले. केवळ पडण्याची संख्या मोजणाऱ्याने त्यांना बाद ठरविले असते. ज्याने पात्रता फेरीतील वेग पाहिला, त्याला त्यांच्यात काय आहे हे दिसले असते.

पहिला हंगाम आणि पुढील वाटचाल

पहिल्या हंगामावरून भवितव्याचा अंदाज बांधणे कितपत योग्य आहे? काही वेळा हा अंदाज अचूक ठरतो. स्पेनचे मार्क मार्केझ २०१३ मध्ये मोटोजीपीत आले, पहिल्या शर्यतीत तिसरे आले, दुसरी शर्यत जिंकले आणि वयाच्या विसाव्या वर्षी त्याच हंगामात जगज्जेते झाले. पहिल्याच पूर्ण हंगामात सर्वोच्च गटाचे विजेतेपद मिळविण्याचा असा पराक्रम त्यापूर्वी १९७८ मध्ये अमेरिकेच्या केनी रॉबर्ट्‌स यांनी केला होता. पस्तीस वर्षांत एकदा घडणारी गोष्ट हा मूल्यमापनाचा मानदंड होऊ शकत नाही.

अधिक बोलके उदाहरण २०१९ मधील दोन नवोदितांचे आहे. फ्रान्सचे फाबियो क्वार्तारारो त्या हंगामात १९२ गुण मिळवून पाचवे आले आणि सर्वोत्तम नवोदित ठरले. स्पेनचे जोआन मीर ९२ गुणांसह बारावे राहिले. दुखापतीमुळे त्यांच्या दोन शर्यती हुकल्या होत्या, आणि त्यांच्याच संघातील सहकारी आलेक्स रिन्स चौथे होते. त्या वेळी या दोघांची तुलना करणाऱ्याचा कौल निःसंशयपणे क्वार्तारारो यांच्या बाजूने गेला असता. परंतु २०२० मध्ये जगज्जेते झाले ते मीर. क्वार्तारारो तीन शर्यती जिंकूनही आठव्या स्थानी राहिले. २०२१ मध्ये मात्र क्वार्तारारो जगज्जेते झाले. म्हणजे २०१९ चा निर्णय चुकीचा नव्हता, अपुरा होता. एका स्पर्धकात वेग आधी आला आणि सातत्य नंतर; दुसऱ्यात शांतपणे गुण जमविण्याची वृत्ती होती, तिला योग्य हंगाम मिळताच ती फळास आली.

भारतीय स्पर्धकांच्या संदर्भात आणखी एक कसोटी पुढे येते, ती म्हणजे शर्यत पूर्ण करणे. डाकार रॅली ही सुमारे दोन आठवडे चालणारी, मोटारसायकलस्वाराची अत्यंत कठोर परीक्षा पाहणारी स्पर्धा आहे. २०१५ मध्ये बंगळूरचे सी. एस. संतोष यांनी आपल्या पहिल्याच प्रयत्नात ती पूर्ण करून ३६ वे स्थान मिळविले. ही स्पर्धा पूर्ण करणारे ते पहिले भारतीय ठरले. के. पी. अरविंद यांना २०१७ आणि २०१८ मध्ये ती अर्धवट सोडावी लागली. २०१९ मध्ये त्यांनी ती ३७ व्या स्थानी पूर्ण केली. केरळचे हरिथ नोआ २०२१ मध्ये विसावे आले आणि २०२४ मध्ये अकरावे येऊन त्यांनी ‘रॅली-२’ हा गट जिंकला. संतोष यांच्या ३६ व्या क्रमांकाचे मोल त्यांच्यानंतर आलेल्या या वाटचालीवरून कळते. जेथे मार्गदर्शक नाही, पूर्वानुभव नाही, तेथे शेवटपर्यंत पोहोचणे हीच पहिली कामगिरी असते.

सुरक्षिततेची बाजू

नवोदिताच्या मूल्यमापनाला एक गंभीर बाजू आहे. ५ ऑगस्ट २०२३ रोजी चेन्नईजवळील शर्यतमार्गावर राष्ट्रीय मालिकेतील नवोदितांच्या शर्यतीत १३ वर्षांच्या एका स्पर्धकाचा अपघाती मृत्यू झाला. त्या हंगामात तो विजय मिळवीत होता. २०२१ या एकाच वर्षात युरोपातील निरनिराळ्या मालिकांत १४, १५ आणि १९ वर्षांचे तीन स्पर्धक मृत्युमुखी पडले. त्यानंतर जागतिक ग्रां प्री शर्यतींसाठी किमान वय २०२३ पासून काही अपवाद वगळता १८ करण्यात आले. उत्तम कामगिरी करणारा नवोदित अपघातापासून सुरक्षित असतो, हा समज या घटनांनी खोटा ठरविला आहे. कामगिरी आणि सुरक्षितता या दोन स्वतंत्र बाबी असून त्यांचे मूल्यमापनही स्वतंत्रपणे झाले पाहिजे.

याच अनुषंगाने सार्वजनिक रस्त्यावरील वेगाविषयी स्पष्टता हवी. त्र्यंबक रस्त्यावर किंवा गंगापूर रस्त्यावर कोण किती वेगाने गेला, यावरून शर्यतीतील क्षमता ठरत नाही. तेथे घड्याळ नाही, समान यंत्र नाही, झेंडे दाखविणारे पंच नाहीत, पडल्यावर थांबविणारी मोकळी जागा नाही आणि रुग्णवाहिका उभी नाही. शिवाय समोरून येणाऱ्या पादचाऱ्याने त्या शर्यतीला संमती दिलेली नाही. विद्यार्थ्याने सांगितलेला असा वेग मूल्यमापनात घ्यावयाचाच झाला तर तो उणे बाजूस घ्यावा.

मूल्यमापनाची चौकट

उपरोक्त विवेचनाच्या आधारे शिक्षक व पालक यांना नवोदिताच्या पहिल्या शर्यतीनंतर पुढील प्रश्न विचारता येतील :

१. त्याच यंत्रावरील अनुभवी स्पर्धकाच्या तुलनेत त्याची सर्वोत्तम वेळ किती टक्के होती?
२. शर्यतीतील फेरीवेळा किती विखुरलेल्या होत्या?
३. पहिल्या सरावापासून शर्यतीच्या अखेरपर्यंत अंतर किती कमी झाले, आणि त्यात मार्गाच्या बदलाचा वाटा किती?
४. तो पडला असल्यास कारण कोणते, आणि तीच चूक पुन्हा झाली का?
५. झेंड्यांचे आणि पंचांच्या सूचनांचे त्याने पालन केले का? त्याच्यावर दंडाची कारवाई झाली का?
६. परतल्यावर तो शर्यतीविषयी काय सांगतो?

यांतील सहावा प्रश्न वरवर पाहता अशास्त्रीय वाटेल. प्रत्यक्षात अनुभवी मेकॅनिक याच उत्तराला सर्वाधिक महत्त्व देतात. ‘गाडी चालत नव्हती’ एवढेच सांगणारा नवोदित आणि ‘तिसऱ्या वळणातून बाहेर पडताना मागचे चाक सरकत होते, म्हणून मी गिअर एक वर ठेवला’ असे सांगणारा नवोदित यांच्यात मोठा फरक आहे. दुसऱ्याने धावता धावता निरीक्षण केले आहे. अभ्यासाच्या विषयात जो फरक पाठांतर आणि आकलन यांत असतो, तोच येथे असतो.

खर्चाचाही विचार आवश्यक आहे. हेल्मेट, चामडी पोशाख, बूट, टायर, प्रवेशशुल्क आणि प्रवास हा खर्च कारखान्यातील पगारावर चालणाऱ्या कुटुंबास सोपा नाही. पहिल्या निकालावरून घरात पुढचा निर्णय होतो. अशा वेळी शिक्षकाने निकालपत्रक समजावून सांगितले, तर तो निर्णय भावनेच्या भरात न होता माहितीच्या आधारे होतो. सुरक्षासाहित्यासाठी पैसे नसतील तर शर्यत पुढे ढकलावी, हा सल्ला देण्याचे धैर्यही शिक्षकाकडे असावे.

निष्कर्ष

१. क्रमांक हा नवोदिताच्या कामगिरीचा सर्वांत ठळक, परंतु सर्वांत दुर्बळ पुरावा आहे.
२. समान यंत्रावरील तुलना केल्याशिवाय माणसाचे कौशल्य यंत्रापासून वेगळे काढता येत नाही.
३. एका वेगवान फेरीपेक्षा फेरीवेळांतील सातत्य आणि सुधारणेची दिशा अधिक विश्वसनीय असते. तथापि वेगवान फेरीतून सूचित होणारी क्षमताही नोंदवून ठेवावी.
४. पहिल्या हंगामावरून काढलेला निष्कर्ष तात्पुरता मानावा. स्टोनर, मीर आणि क्वार्तारारो यांची वाटचाल हेच दर्शविते.
५. कामगिरी आणि सुरक्षितता यांचे मूल्यमापन स्वतंत्रपणे करावे. नियंत्रणाचा पुरावा मिळेपर्यंत अधिक शक्तिशाली यंत्राची शिफारस करू नये.

सातपूरच्या विद्यार्थ्याने आणलेल्या त्या ‘अकराव्या’ क्रमांकाकडे या दृष्टीने पाहिले तर तो शेवट न ठरता एका नोंदीची सुरुवात ठरतो. त्याच्या शेजारी फेरीवेळांचा कागद मागून घ्यावा आणि दुसऱ्या शर्यतीनंतर दोन्ही कागद एकत्र ठेवून वाचावेत. पहिल्या कागदावरून विद्यार्थी कोठे आहे हे कळते, आणि दुसरा मिळाल्यावर तो कोणत्या दिशेने चालला आहे हे कळू लागते.